टोपली, तोफा आणि पाच वर्षांची सरासरी

१७ ऑगस्ट

या घरात आज महापातक घडलं. माझ्या अळंबीच्या टोपलीत कांदे आढळले. वडिलांनी स्वतः विणलेली, उन्हाळा सरताना जंगल पाहणारी आणि एरवी खुंटीवर ध्यानस्थ बसणारी ती टोपली, तिच्यात कांदे! दांगुओलेला जाब विचारला. म्हणाली, "जाब विचारायला सवड आहे, तर लेख लिही." बायको म्हणून निर्दोष. तर्क कच्चा.

लेख म्हणजे किरकोळ काम. आमच्या साप्ताहिकाचा संपादक विर्गीलियुस याला 'स्वातंत्र्यापासून आजवर लिथुआनियाची शस्त्रआयात : दीर्घकालीन कल' हवा आहे. तीन दिवसांपूर्वी म्हणाला, तीन आठवडे घे. मी म्हणालो, एक पुरे. ज्याने विल्नियसच्या विद्यापीठात संस्कृतची धातुरूपं पचवली, त्याला आकड्यांचं काय भय?

वाइवा सप्टेंबरअखेर घरी येईल. आमच्या पोरीने हौसेने सैन्यातले नऊ महिने पत्करले, तोवर फिटेल हौस. आता परत औषधशास्त्राच्या वर्गात. हे ठरलेलं आहे. तिच्याशी बोलायचं तेवढं राहिलंय.

१९ ऑगस्ट

ग्राफ काढला. रेघ म्हणावी असं त्यात काही नाही. दात पडलेला कंगवा आहे. छोट्या देशाचं हेच दुखणं. एका वर्षी चार हेलिकॉप्टरं घेतली की रेघ छताला भिडते, पुढची कित्येक वर्षं जमिनीवर लोळत पडते.

उपाय सापडला. पाच-पाच वर्षांची सरासरी. कंगव्याची छान गोल टेकडी झाली. दांगुओलेला दाखवली. म्हणाली, "ही तुझ्या पोटाची बाजूने काढलेली आकृती आहे का?"

उद्या लिहायला बसतो.

२२ ऑगस्ट

विर्गीलियुसचा फोन. "रिमवीदास, एका शब्दात सांग. चढतंय की उतरतंय?" मी म्हणालो, ते कुठून मोजायला सुरुवात करतो त्यावर आहे. या वर्षापासून धरलं तर चढ, त्या वर्षापासून धरलं तर उतार. तो म्हणाला, "आपले वाचक पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात करतात. तिथपर्यंत तरी पोच."

या माणसाला शास्त्रीय दृष्टी नाही.

२५ ऑगस्ट

सासूबाईंकडे, श्वेंचोनिसच्या बाजूला. बटाटे काढले. कंबर गेली.

नवी अडचण. सुरुवातीच्या वर्षांत आपल्याकडे काहीच नव्हतं. परदेशांनी जुन्या बंदुका, जुन्या गाड्या अशाच देऊन टाकल्या, आतेभावाचा कोट अंगावर यावा तशा. आता फुकट मिळालेली वस्तू आयात धरायची का? मोजणारे लोक धरतात. मला पटेना. जेवताना बोललो. सासूबाई थंड बीटाचं सार वाढता वाढता थांबल्या.

"जावईबापू, माझ्या काकडीच्या लोणच्याच्या बरण्या तुम्ही कशात धरता? आयातीत की दानात?"

मी म्हणालो, तसं नाही आई, ते प्रेम.

"प्रेमाच्या रिकाम्या बरण्या परत येत नाहीत, तेवढं त्या ग्राफात घाला."

दांगुओले इतकी हसली की ठसका लागला. मुद्दा मात्र मार्मिक आहे. आमच्या घरची लोणच्याची आयातही सप्टेंबरात छताला आणि फेब्रुवारीत जमिनीवर असते. लेखात वापरेन. लेख सुरू झाला की.

३० ऑगस्ट

आज लेखन नाही. सूचीकटाहन्याय : लोहाराकडे सुई आणि कढई दोन्ही करायला आल्या, तर शहाणा लोहार आधी सुई उरकतो. म्हणून आधी टोपली धुतली. मग वाळवली. मग कांद्याचा वास जात नाही म्हणून परत धुतली. कढई उद्या.

वाइवाचा छावणीतून फोन. नव्या तोफेबद्दल बोलत होती. "बाबा, काय सुंदर काम आहे तिचं! तू पाठवलेल्या ग्राफात जी उंच काठी आहे ना, ती हीच." मी विचारलं, कॉलेजला जायला थंडीचा नवा कोट हवा का? म्हणाली, इथे फार आवाज आहे, नीट ऐकू येत नाही. म्हणजे कोट हवा असणार.

५ सप्टेंबर

लेखाची मुदत काल संपली. विर्गीलियुसने फोनवर फक्त उसासा टाकला. बरंच झालं, कारण आज खरी दिशा सापडली.

सासूबाईंच्या गावामागे सैन्याच्या सरावाचं जंगल आहे. नवी यंत्रं आली की त्यांना फिरायला जागा लागते, आणि कुंपण गावाकडे सरकतं. माझी पिवळ्या अळंबीची पहिली जागा चिलखती गाड्या आल्या तेव्हा गेली. दुसरी पुढच्या खरेदीत. तिसरी गेल्या वर्षी. म्हणजे दीर्घकालीन कल माझ्या टोपलीत इतकी वर्षं पडून होता आणि मी तो कागदावर शोधत होतो! परवा प्रत्यक्ष पाहणी. टोपली बरोबर नेणार, ती केवळ साधन म्हणून.

वाइवाची तुकडी सध्या तिथेच सरावाला आहे. त्याचा आणि याचा काही संबंध नाही.

७ सप्टेंबर

पाहणी झाली. अळंबी अर्धी टोपली. बाकी विशेष काही नाही.

८ सप्टेंबर

विशेष होतं.

लाल बावटा वर असला की आत पाऊल टाकायचं नाही, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. आणि दुपारी सैनिक जेवायला बसले की गोळीबार थांबतो, हेही सगळा गाव जाणतो. सुपाच्या वेळात आत, चहाच्या आधी बाहेर. सासूबाईंची अख्खी पिढी याच वेळापत्रकावर अळंबी खात आली. मीही कुंपणाच्या फटीतून गेलो. बर्चच्या मुळाशी वीतभर उंचीची राजअळंबी. वाकलो. मागून आवाज आला, "काका, टोपली खाली. हात दिसू द्या."

एक कोवळा शिपाई. त्याला म्हणालो, बाबा रे, मी पत्रकार आहे, शस्त्रआयातीचा अभ्यास करतोय. त्याने टोपलीत पाहिलं. मग म्हणालो, माझी मुलगी इथेच आहे. ही चूक झाली. त्याने वायरलेसवर विचारलं, "अळंबीवाला कुणाचा बाप आहे?"

वाइवा आली. शिरस्त्राण, तोंडाला काळा रंग. सगळ्यांसमोर म्हणाली, "नागरिक, या बाजूने चला." नागरिक! जिच्या नाकाचा शेंबूड मी पुसला!

फाटकापर्यंत चालत गेलो. मी औषधशास्त्राचं वेळापत्रक लागल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आज फटीतून आलास, पुन्हा येऊ नकोस. जेवणाची वेळ आता बदलत राहते." मग म्हणाली, "मी सही केली. चार वर्षं. तोफखान्यात."

मी विचारलं, कुणाला विचारून?

"तू अळंबीला येताना कुणाला विचारलंस?"

टोपलीतली एक अळंबी उचलून तिने देठ मोडला. "ही किडकी आहे. बाकीच्या आईला दे. कांद्यात परतून घे म्हणावं." आणि वळून गेली. चालण्याची पद्धत दांगुओलेची. ते पूर्वी लक्षात आलं नव्हतं.

१२ सप्टेंबर

हिशोबाचा एक नियम आज नीट वाचला आणि हायसं वाटलं. करारावर सही झाली म्हणून आयात धरत नाहीत. माल प्रत्यक्ष हाती आला, त्या वर्षी धरतात. मधल्या काळात करार मोडू शकतो, कारखाना रखडू शकतो, सरकार बदलू शकतं. म्हणजे नुसत्या सहीला काही अर्थ नसतो. दांगुओलेला हे सविस्तर समजावलं.

ती अळंबी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "रिमवीदास, पोरगी तिथे पोचली आहे."

१९ सप्टेंबर

विर्गीलियुसला एका शब्दात उत्तर पाठवलं : चढतंय. त्याचं उलट उत्तर : "हे माझ्या ड्रायव्हरलाही माहीत आहे. का चढतंय ते लिही." का ते ड्रायव्हरलाही माहीत आहे. पूर्वेला कोण राहतं, हे या देशात कुणाला शिकवावं लागत नाही.

२८ सप्टेंबर

नऊ महिने झाले. छावणीच्या फाटकावर बाकीचे आईबाप पोरांना घ्यायला आले होते. आम्हाला वाइवाने तिच्या घरच्या कपड्यांची पिशवी दिली. कोट मी नेला होता. तो तसाच परत आणला.

घरी आलो तर टोपलीत पुन्हा कांदे. त्यातलाच एक सोलायला घेतला.

लेख झालेला नाही, होणारही नाही असं दिसतं. ग्राफची उजवी बाजू मला पाहवत नाही. इतकी वर्षं मनात म्हणत आलो, घ्या, आणखी घ्या, उशीर करू नका. आणि आजही तेच म्हणेन. पण तोफ आपोआप उडत नाही. तिच्यापाशी कुणीतरी उभं राहावं लागतं. तिथे माझी मुलगी उभी राहणार आहे, आणि मला भीती वाटते.