उलट्या आट्याचा व्हॉल्व्ह

२ एप्रिल, सकाळी ९
आजपासून रोज लिहिणार. माझ्याविरुद्ध कट शिजतोय, पुरावा पाहिजे. वही पलंगाखाली, व्हॉल्व्हच्या चावीजवळ ठेवणार. कुणी वाचायची नाही, बायको शरणम्मानंही नाही. तिला वाचता येतं हीच अडचण आहे.

कट असा. आमच्या पाणी कंपनीच्या उदगीर ऑफिसात नवीन ज्युनियर इंजिनिअर आली आहे. मंजुश्री मॅडम, नांदेडची. वय माझ्या चावीपेक्षा कमी. म्हणाली, आजोबा, सगळे व्हॉल्व्ह कॉम्प्युटरवर घ्यायचेत, तुमच्या सात नंबरचे आटे किती ते लिहून द्या.

आजोबा म्हणे. रिटायर झाल्यावरही कंपनी मला तीन वर्षं सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर ठेवून आहे. उगीच ठेवते काय? गावातले सगळे व्हॉल्व्ह डावीकडे उघडतात, उजवीकडे बंद होतात. माझा सात नंबर उलट्या आट्याचा. उजवीकडे उघडतो, डावीकडे बंद. सव्वीस आटे. हे सातवी शिकलेल्या माझ्या डोक्यात आहे, इंजिनिअरच्या नाही. आटे कळले की मला घरी बसवणार. सांगितलं, मोजत नाही, हाताला कळतं.

४ एप्रिल
आज पाळी. आमच्या मठ गल्लीला आठ दिवसांनी पाणी असतं. सव्वीस आटे फिरवून सोडलं, दोन तासांनी सव्वीस फिरवून बंद केलं. पाठ धरली.

गुरुबसप्पा किराणावाला दुकानातून म्हणाला, "बसलिंगप्पा, तुमी हाव म्हणून गल्ली जित्ती हाय." बाकावरची माणसं हसली. आनंद झाला असेल. चहा दिला, अर्धा.

तीन वर्षांखाली कंपनीनं गल्लीत निळी प्लास्टिकची लाइन टाकली. सगळ्यांनी फॉर्म भरून नळ तिकडे जोडून घेतले. मी नाही. प्लास्टिक एक उन्हाळा टिकत नसतं. (तीन टिकले, तो योगायोग.) आणि त्या लाइनलाही पाणी माझ्याच व्हॉल्व्हमधून जातं. दुसरं येणार कुठून? शरणम्मा तेव्हापासून त्या फॉर्मसाठी मागे लागली आहे. कंपनीचा माणूस असून मी रांगेत उभा राहू?

७ एप्रिल
मॅडम म्हणाली, तीस तारखेला तुमची ऑर्डर संपते, पुढची द्यायची का नाही ते तक्रारी बघून ठरेल. मला हसू आलं. पूर्वी मठ गल्लीच्या आठवड्याला पाच तक्रारी यायच्या. चौकशीचा कागद माझ्याकडेच येतो. मी लिहायचो: पाहणी केली. पाणी सुरळीत आहे. गेली तीन वर्षं तेवढंही लिहावं लागलं नाही. अनुभव म्हणतात तो हा.

मॅडमनं रजिस्टर दोनदा चाळलं. मग माझ्याकडे बघत राहिली. घाबरली असावी.

दुपारी सात नंबरच्या खड्ड्यावर येऊन तिनं विचारलं, कोणीकडे फिरतो हा? मी म्हटलं, सगळ्यांसारखाच. खोटं बोललो. पण ते कंपनीच्या भल्यासाठी.

११ एप्रिल
क्लार्क संगमेश्वर बोलून गेला की सात नंबरचा खड्डा बुजवायचं चाललंय. बीपीची गोळी घेतली. घेतली का नाही आठवेना म्हणून आणखी एक घेतली.

निश्चय: उद्या पाळी आहे, सोडायचंच नाही. बाया घागरी घेऊन ऑफिसावर जातील. मॅडम हात जोडत घरी येईल. तिला बाहेरच्या खुर्चीवर बसवायचं, पंखा लावायचा नाही. तेरा आटे नव्या ऑर्डरवर सही व्हायच्या अगोदर, तेरा सहीनंतर.

१२ एप्रिल
सकाळी ७. सोडलं नाही. दार लावून बसलो.
७.२०. गल्लीत ड्रम भरल्याचा आवाज. पाइपात थोडं उरलेलं असतं.
८.००. अजून उरलेलंच येतंय.
८.४५. समोरची सुमनबाई अंगण धुऊन राहिली. उरलेल्या पाण्यानं. माज बघा.
९.३०. आमच्या नळाला थेंब नाही. म्हणजे व्हॉल्व्ह बंद आहे. माझंच बरोबर.

मॅडम आली नाही. उन्हामुळे असेल.

१५ एप्रिल
घरातले हंडे रिकामे. शरणम्मा गुरुबसप्पाच्या घरून दोन घागरी आणते. तिला समजावलं की लढ्यात घरच्यांनी सोसायचं असतं. चिडली की ती कानडीवर जाते. आज लई वेळ कानडीत होती. शेवटी मराठीत आली.

"उठून ती चावी फिरवता, का मी जाऊ ऑफिसात?"

मी म्हटलं, जा. तुला कोण विचारतंय तिथं.

१७ एप्रिल, दुपारी ४
ऑफिसातून चौकशीचा कागद आला. तीन वर्षांतला पहिला. उतरवून ठेवतो.

तक्रारदार: शरणम्मा, मठ गल्ली. तक्रार: नळाला पाणी नाही. व्हॉल्व्हमन पाणी सोडत नाही. दिवसभर घरात पडून असतो. मी स्वतः पाहिले आहे.

मी खाली लिहिलं: पाहणी केली. पाणी सुरळीत आहे. सही केली. चष्मा ठेवून येईपर्यंत शरणम्मानं माझ्या सहीशेजारी लिहून टाकलं: खोटं आहे. शाई पक्की होती.

१९ एप्रिल
मॅडमनं बोलावलं. बसा म्हणाली. पंखा माझ्याकडे वळवला.

सांगितलं ते असं. निळ्या लाइनला पाणी थेट नव्या टाकीवरून येतं. सात नंबरवर, म्हणजे जुन्या लाइनवर, तीन वर्षं एकच नळ उरला होता. तो चालू आहे तोवर व्हॉल्व्हमन ठेवणं भाग होतं. आता त्या नळाचीच तक्रार आली, नव्या लाइनचा फॉर्मही भरून आला, म्हणून आज तो तिकडे जोडायचा. सात नंबर रद्द. पुढची ऑर्डर नाही.

कुणाचा नळ, विचारलं. तिनं कॉम्प्युटर माझ्याकडे फिरवला. माझंच नाव होतं. त्यात एक प कमी होता. त्याची तक्रार वेगळी करणार आहे.

मी शेवटचा डाव टाकला. म्हटलं, तो उलट्या आट्याचा आहे, माझ्याशिवाय कुणाला बंद करता येणार नाही.

"तो बंदच आहे, आजोबा," मॅडम म्हणाली. "तुम्हीच केलाय."

चावी जमा करून घेतली. मी पोच मागितली. दिली.

संध्याकाळी माणसं आली, अर्ध्या तासात निळा नळ जोडून गेली. शरणम्मानं त्यांना चहा दिला. पूर्ण कप.

२० एप्रिल, सकाळी ७.१०
आज पाळी. मी पलंगावरच होतो, तरी पाणी आलं. प्रेशर इतकं की रिकामी बादली आडवी झाली. हंडे भरले, ड्रम भरला. शरणम्मा म्हणाली, बंद करा आता. उठलो. डावीकडे फिरवला. पाणी वाढलं. आणखी डावीकडे फिरवला. अंगण भरून ओहोळ गुरुबसप्पाच्या दुकानापर्यंत गेला. तो बघून राहिला होता.

शरणम्मानं माझा हात बाजूला केला आणि दोन बोटांनी नळ उजवीकडे फिरवला. बंद झाला.

पाहणी केली. पाणी सुरळीत आहे.