हात वर ठेवा

गुरुवार, संध्याकाळ

आज आर्वीच्या सुमनबाईंच्या हाताच्या पाठीवरचा फुगा काढला. गाठ नव्हतीच ती. शीरच फुगली होती, व्हीनस अ‍ॅन्युरिझम. आमच्याकडे क्वचितच येतो. हात खाली सोडला की लिंबाएवढा, वर केला की गायब. दोन्हीकडून शीर बांधली, फुगा कापून काढला. ऑपरेशन छान झालं. तरी डोक्यात घोळतायत त्या हिरव्या बांगड्या.

फुग्यावरून त्या निघेनात. सिस्टर म्हणाली, फोडू या. बाई टेबलावरच रडू लागल्या. "फोडू नका ना जी, हे बाहेर बसून राह्यले!" वैतागलोच मी. मग त्यांचा हात उंच धरला, फुगा ओसरला, आणि साबण लावून एकेक बांगडी सरकवली. नवऱ्यानं त्या रुमालात बांधून खिशात ठेवल्या.

दुपारी वॉर्डात आणल्यावर त्याला एवढंच सांगितलं, "हात वर ठेवा." आत्ता राउंडला गेलो तर बाई झोपलेल्या आणि हा गडी स्टुलावर बसून त्यांचा हात अजून उंच धरून! त्याचेच दंड थरथरत होते. उशीवर ठेवायचा, हे सांगायचं मला का सुचलं नाही?

उशा रचून दिल्या. म्हटलं, "सोडा आता."

"सोडला तं परत भरन का जी?"

"नाही. आता कधीच नाही."

दारातून वळून पाहिलं. हात उशीवर होता. पण उशी आणि हात यांच्यामध्ये त्याचा तळवा होता.