गेटावरची पाटी

रायपूर,
सोमवार, २ फेब्रुवारी २००९

गोदू,

जय भीम. सगळ्यात आधी कोण आलं सांगू? सेठानी! काल दुपारी, हातात काजूकतलीचा डबा घेऊन. मागून तिचा नवरा, त्याच्या मागून एक चष्मेवाले सर. माही डॉक्टरीण सून रमा ज्या नर्सिंग कॉलेजची प्रिन्सिपल आहे, त्या कॉलेजच्या समितीचे लोक. सून भिलाईले गेली आहे हे पाहूनच आले बरं! मी पापड लाटून राहिली होती, हात पिठाचे. रमाची पायल चहा ठेवाले धावली. पोट्टी आता माह्याहून उंच झाली, पण बोलते सगळं हिंदीत.

इकडे सगळे बरे. तू कशी आहे ते मंग इचारते.

तर सेठजी बसल्याबरोबर म्हणतात, "माताजी, आप घर की बड़ी हैं. बहू को आप ही समझा सकती हैं."

मले वाटलं, रमानं कॉलेजची कपाटं पळवली का काय! तर गोष्ट पाटीची. दर शनिवारी रमा कॉलेजात बायकाइले तपासते, पोट्ट्या पाहून शिकतात. पण अंग बाहेर येते त्या बायका लाजत, येतच नव्हत्या. म्हणून तिनं गेटावर हातभर अक्षरात लिहून लावलं, 'बच्चेदानी बाहर आती है? छुपाइए मत. शनिवार को आइए.' मी चौथी शिकली, मलेही रिक्शातून वाचता आली.

सर म्हणे, "अच्छे घर के लोग गेट पर ये पढ़ेंगे? बोर्ड उतरवाइए, नहीं तो मैडम इस्तीफ़ा दें."

त्याईचा अंदाज समजली का तू? सासू आहे, म्हणजे सुनेच्या उलटच बोलणार. तीस वर्षाआधी आले असते ना, तर काजूकतली खाऊन मीच पाटी उतरवाले गेली असती.

खोटं काहून बोलू? आपल्या मायले गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते, आठवते ना? आन मी तिचीच लेक. रमा सरकारी दवाखान्यातून बाळंतपणं करून आली, का आंघोळ केल्याशिवाय तिले माठाले हात लावू देत नव्हती मी. पाच वर्षं. डॉक्टरीण सून, अन् मोरीच्या नळाचं पाणी पेत होती. तुह्या भाऊजीनं एक दिवस माठच आंगणात फोडला, तवा कुठं मले शरम वाटली. हे मी तुले कधी सांगतलं नव्हतं.

दुसरंही सांगतलं नव्हतं. ते काल त्या लोकाइले सांगतलं.

मी म्हणली, "सेठजी, मेरा खुद का अंग बाहर आता था. बीस साल. कपड़ा बाँध के पानी भरा, भात पकाया, शादी-ब्याह में नाची. मरद को नहीं बताया. इसी बहू ने मेरी चाल देख के पकड़ा."

सर पंख्याकडे पाहाले लागले. चालू नव्हता तो. सेठजीचा चहा बशीत सांडला. पायल दारातून म्हणे, "आजी!" मी काही थांबली नाही. सांगतलं, छत्तीसगढ राज्य झालं, त्या रातच्याले लोक फटाके फोडून राहिले होते आन मी ऑपरेशन होऊन दवाखान्यात पडली होती. राजधानी झाल्यावर मंत्र्याइच्या सुना माह्या सुनेच्या लाइनीत बसल्या, तवा कोणाले लाज वाटली नाही. रेजाकाम करणाऱ्या, विटा-गारा वाहणाऱ्या बाईले बोलावलं तर लाज? "बोर्ड नहीं उतरेगा. मैं बड़ी हूँ ना घर की? तो मेरा हुकुम है."

"अगले सोमवार को आएँगे, लिखा हुआ जवाब लेने," सेठजी बोलले आन उठले. डबा टेबलावरच राहिला. पायलनं अर्धा संपवला, म्हणे, "आजी, आपने तो छक्का मार दिया."

संध्याकाळी रमा आली. ऐकून आधी हसली, मंग माह्यासंग उरलेले पापड लाटाले बसली. नोकरी जाईन का, मी इचारलं. "जाऊ शकते आई," म्हणे. आन लगेच पेंटरले फोन लावला. अक्षरं अजून मोठी कर, म्हणे, आन छत्तीसगढीतही लिही.

आता तुहं. आपल्या भाच्याच्या, प्रशिकच्या लग्नात तू पंगतीत खाली बसली नाही. कंबर दुखते म्हणली. पण मोरीत दोनदा जाऊन तू काय धुतलं ते मले समजते, बाई. वीस वर्षं मी तेच धुत होती. मी तवा तुह्यापाशी येऊन बोलाले पायजे होतं, नाही बोलली. तुह्या पुष्पाचं लग्न, पोराची नोकरी, सगळं पुरे झालं तुहं. आता बहाणा नको. शुक्रवारी गाडीत बस, माहा शेखर स्टेशनवर येईन. त्याले कारण सांगाची गरज नाही.

लाइनीत तू एकटी नाही राहणार. काल सगळे बाहेर पडले, तवा सेठानी चप्पल घालाच्या निमित्तानं मागं राहिली. माह्या कानात म्हणे, "माताजी, कितने बजे से बैठती हैं मैडम?"

तुही मोठी बहीण,
सरला

ता.क. सेठजी अन् सर सोमवारी येतो म्हणून गेले. सेठानी शनिवारीच येते.