मेहरून आपांचा डोंगा

आरमोरी,
डिसेंबर २००६

आदरणीय मेहरून आपा,

अस्सलामु अलैकुम. तुमचे गुडघे, भाईजानचा खोकला आणि चिमूरची थंडी, तिघेही आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करते. इकडे सगळं ठीक आहे. अयूबचं सायकलचं दुकान चालतंय, इक्राचा बारावीचा अभ्यास चालतोय (निदान पुस्तक उघडं दिसतं), आणि मीही चालतेय, पण जिना उतरताना भिंत धरून. त्याचं कारण पुढे येईलच. पत्र मराठीत लिहितेय म्हणून रागावू नका. मागे उर्दूत लिहिलं होतं, तेव्हा तुम्ही मजकुराला उत्तर न देता लाल शाईने चुका दुरुस्त करून माझंच पत्र मला परत पाठवलं होतं. मराठी शाळेत आपण दोघी शिकलो, तेव्हा इथे तरी बरोबरीचा सामना होईल.

तर तुमच्या हुकुमाप्रमाणे हकीकत लिहिते. हुकूम काय होता ते आधी मांडून ठेवते, म्हणजे नंतर वाद नको. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या रंजीता मॅडमनी इक्राला वल्हवण्याच्या शिक्षणासाठी निवडलं. बारावीचे पेपर संपले की महिनाभर मालवणला, समुद्रावर. अयूब म्हणाला, आपा हो म्हणेल तर जाईल. तुम्ही म्हणालात, पाणी हे काही पोरींनी खेळायची गोष्ट नाही. मी जरा जास्त बोलले. त्यावर तुम्ही म्हणालात की इतकाच पुळका असेल तर आधी स्वतः जाऊन ये, पाण्यात उतर, आणि मग काहीएक न लपवता मला लिही. तुम्हाला वाटलं असणार की ही बल्लारपूरची बाई, जी न्हाणीत भरलेल्या बादलीपासूनही दोन हात लांब बसते, ती कसली जातेय! आपा, मलाही तसंच वाटलं होतं. पण इक्रा दाराआडून ऐकत होती. तिचं तोंड एवढंसं झालेलं पाहिलं आणि मी जाते म्हणून बसले.

ब्रह्मपुरीच्या पलीकडच्या मोठ्या तलावावर शनिवार-रविवार असं बायकांचं शिबिर होतं. तुमच्या लाडक्या भावाने पत्रक वाचलं, 'पॅडल' हा शब्द पाहिला आणि म्हणाला, पायडलच पाहिजेत तर आपल्या दुकानात पोतंभर पडलेत, त्यासाठी ब्रह्मपुरीला काय जायचं? (तुम्ही त्याला वाढवलंत, त्यामुळे मी जास्त बोलत नाही.) त्याच पत्रकात खाली एक ओळ होती: ज्या भगिनींकडे स्वतःचा डोंगा असेल त्यांनी तो सोबत आणावा. मी म्हटलं, दोन दिवस पंगत आहे, भांडी कमी पडत असतील, रीतच आहे. आपल्या घरात चार माणसांसमोर मांडावा असा डोंगा एकच, तुमचा. निळ्या फुलांचा, झाकणाचा, तामचिनीचा, जो तुम्ही लग्नात सासरी न नेता माहेरी ठेवलात आणि ईदशिवाय ज्यात कोणाला सालन वाढू देत नाही. न विचारता न्यायची माझी काय छाती! म्हणून मी तुम्हाला बूथवरून फोन केला.

तो फोन आठवा. मी विचारलं, आपा, पाण्यावरच्या शिबिराला डोंगा न्यायचाय, तुमचा नेऊ का? पलीकडे नुसती खरखर. मला वाटलं लाइन गेली. मग तुमचा आवाज आला, "माझा डोंगा तं अब्बानं फोडून चुलीत घातला वं. आता कुठचा डोंगा!" आणि फोन ठेवलात. मी धावत घरी आले, कपाट उघडलं. डोंगा जागेवर, झाकणासकट, टवकासुद्धा उडालेला नाही. आणि तामचिनी चुलीत जळते असं मी तरी ऐकलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. वय झालं की माणसाचं असं होतं, भांडी आणि माणसं एकमेकांत मिसळतात. अयूबला सांगितलं तर तो जेवता जेवता थांबला आणि त्याच दिवशी नागपूरच्या डोक्याच्या डॉक्टरांचा नंबर कुठूनतरी घेऊन आला. पुढच्या महिन्यात तो तुम्हाला 'सहज फिरायला' नागपूरला नेणार होता. आता नेणार नाही. पण कुठे नेणार होता हे मी सांगितलं असं त्याला सांगू नका.

तलावावर पोचले तर तीसेक बायका होत्या. अंगणवाडीच्या, बचत गटाच्या, दोन शिक्षिका, एक पोलीस शिपाई आणि काठावरच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीतल्या काहीजणी. मी पिशवीतून डोंगा काढून अदबीने मॅडमच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, आणलाय. मॅडम डोंग्याकडे पाहत राहिल्या. स्वयंपाक सांभाळायला शकुबाई म्हणून त्या वस्तीतलीच एक वयस्क बाई होती. तिने झाकण उचलून आत पाहिलं आणि विचारलं, "काऊन बाई, यात कोणाले बसवतं? मांजरीले?" बायका जमिनीवर लोळायच्या बाकी राहिल्या. तेव्हा मला कळलं की या भागात डोंगा म्हणजे एका अख्ख्या झाडाचं खोड कोरून केलेली नाव. वीस वर्षं आरमोरीत संसार केला, पण मी वैनगंगा पाहिली ती फक्त पुलावरून, एसटीच्या खिडकीतून, तीही डोळे अर्धे मिटून. मला कोण सांगणार? आपल्या घरात डोंग्यातून सालनच येतं. शकुबाईने मात्र मन मोडलं नाही. दुपारी तिने त्याच डोंग्यातून मासळीचा रस्सा वाढला आणि सगळ्यांनी फुलांची तारीफ केली. (रस्सा तुमच्याइतका चांगला नव्हता. होता, पण नव्हता असं समजा.)

आता मुख्य गोष्ट. मॅडमकडे एक लांबरुंद फळी आहे, गोव्याहून आणलेली. समुद्रावर तिच्यावर उभं राहून एकाच लांब वल्ह्याने जायचं असतं. इक्राला मालवणला तेच शिकायचंय. अंगात खुडूक कोंबडीसारखं फुगलेलं जाकीट घालतात, त्यामुळे माणूस बुडत नाही, फक्त बुडाल्यासारखं वाटतं. आधी फळीवर गुडघे टेकून बसायचं. इथे मी सगळ्यांत पहिली आले, आपा! बाकीच्या मांडी घालायला गेल्या आणि एकेक करून पाण्यात गेल्या. मी नमाजेला बसतो तशी बसले आणि हलले नाही. मॅडम म्हणाल्या, जरीनाताई, तुम्ही हे कुठे शिकलात? मी म्हटलं, घरीच, रोजची सवय आहे.

पण उभं राहायचं म्हटलं की मी पाण्यात. शनिवारी मी चार वेळा पडले. लपवायचं नाही असं ठरलंय म्हणून लिहिते, एकदा ओढणी वल्ह्यात गुंडाळली गेली आणि मी वल्ह्यासकट गेले. नाकातोंडात पाणी गेलं. डोळ्यांसमोर सगळं हिरवं झालं, कानात काहीच ऐकू येईना, आणि मला कलमा आठवायच्या ऐवजी घरी भिजत घातलेली चण्याची डाळ आठवली. मग जाकिटाने मला बाटलीच्या बुचासारखं वर फेकलं. आपा, ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटते ती मी करून पाहिली. मी बुडाले. आणि वर आले. वर आल्यावर सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या, जणू मी काही कमावून आणलं होतं. मी काठावर बसून रडले, आणि मग मलाच हसू आलं. असं दोन्ही एकत्र मला याआधी फक्त इक्राच्या वेळी, बाळंतपणाच्या खाटेवर झालं होतं.

रविवारी दुपारपर्यंत मी उभी राहिले नव्हते आणि राहणारही नव्हते. मनात पत्राचा मजकूरसुद्धा तयार केला होता: आपा, तुमचंच बरोबर, हे आपलं काम नाही. इक्राला काय सांगायचं तेवढं सुचत नव्हतं. जेवणं झाल्यावर शकुबाईने डोंगा घासला आणि गंमत म्हणून पाण्यावर सोडला. "घ्या बाई, तरंगला तुमचा डोंगा!" सगळ्याजणी पुन्हा हसल्या. मीही हसले. तेवढ्यात वारा सुटला आणि डोंगा खरोखरच निघाला, झाकण काठावर ठेवून एकटाच, निळी फुलं मिरवत, तलावाच्या मध्याकडे.

आपा, मला पाण्याची भीती आहे. पण तुमची जास्त आहे. तुम्हाला काय सांगणार होते मी? मी फळी ओढली, गुडघ्यावर बसले आणि वल्हवत सुटले. मागून मॅडम ओरडत नावेत बसल्या, पण माझं लक्ष कुठे! पुढे शिंगाड्याच्या वेलींचा मोठा पट्टा होता. डोंगा त्यात शिरला आणि बसल्या जागेवरून दिसेनासा झाला. तो दिसायचा तर उंचावरून पाहायला हवं होतं. म्हणून मी उभी राहिले. ठरवून नाही, उभी राहिल्यावर कळलं की उभी आहे. डोंगा वेलींत अडकलेला दिसला. मी हळूहळू वल्हं मारत गेले, वाकून तो उचलला, दोन पायांच्या मधे ठेवला, आणि मग तशीच थोडा वेळ उभी राहिले.

तिथे काय होतं ते नीट सांगता येत नाही. काहीच नव्हतं. काठावरच्या बायका बोटभर दिसत होत्या. कोणी चहा मागू शकत नव्हतं, कोणी सायकलच्या दुकानाची किल्ली विचारू शकत नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी अशा जागी होते जिथे हाक पोचत नाही. आणि मला भीती वाटत नव्हती. भीती वाटायला हवी हे लक्षात होतं, पण वाटत नव्हती. इक्राला हेच हवंय हे मला तिथे कळलं. ती मला इतके दिवस सांगत होती आणि मी समजत होते की तिला समुद्र बघायचाय.

मॅडमची नाव आली. सोबत शकुबाई होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "अशाच उभ्या राहत आमच्या पोरी. वैनगंगेवर पूल नव्हता तवा इकडच्या समद्या पोरी उभ्यानंच डोंगा हाकत. कोण्या जातीची पोरगी म्हणून कोणी पुसत नवता." मी ऐकलं आणि पायांमधल्या डोंग्याकडे पाहिलं. मग तुमचा फोनवरचा आवाज आठवला, आणि मी खाली बसले. पडले नाही, आपा, बसले.

तुम्ही आरमोरीच्या आहात. पूल व्हायच्या आधीच्या. मी डोंगा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे भांडं आलंच नाही, तुमची नाव आली. तुम्ही काहीच विसरला नव्हता. आम्हीच येडे, तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला निघालो होतो.

मी घरी आल्यावर इक्राने एकच विचारलं, फूफीला काय लिहिणार? मी म्हटलं, डोंगा नीट परत आला एवढंच. बाकी मी तिला काही सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही, हे ठरवायचा हक्क माझा नाही.

भाईजानना सलाम. गुडघ्यांना मोहरीचं तेल लावा, मीही लावतेय.

तुमची,
जरीना

ता. क. : डोंगा नीट आहे असं वर लिहिलंय ते साधारण खरं आहे. खालच्या कडेला, जिथे कोणी बघत नाही तिथे, नखाएवढा टवका उडालाय. तुम्ही नक्की बघाल म्हणून आधीच सांगते.

ता. क. २ : काल रात्री जेवताना मी अयूबला विचारलं, अब्बांनी कधी काही लाकडी फोडलेलं आठवतं का? तो तेव्हा चार-पाच वर्षांचा असेल. म्हणाला, अंगणात कुऱ्हाड चालली होती एवढं आठवतं, आणि त्या दिवशी चुलीला फार धूर झाला होता. आपा चुलीपुढे बसून भाकरी करत होती, डोळे लाल झाले होते तिचे. म्हणे, मी तिला विचारलं की लाकूड ओलं आहे का, तर ती म्हणाली, हो, ओलंच आहे.  मग ताटात बोटं फिरवत म्हणाला, पण उन्हाळा होता तेव्हा. आणि हात धुवून दुकानाकडे गेला, दुकान बंद असताना.

ता. क. ३ : शकुबाईच्या भावाकडे वैनगंगेच्या काठी एक डोंगा अजून आहे, लाकडाचा, धड. मी विचारून ठेवलंय. गुडघे दुखत असतील तर त्यात बसूनही जाता येतं. तेव्हा इक्राचं हो की नाही ते फोनवर सांगू नका, इथे येऊन सांगा. नाही म्हणायचं असेल तरी इथे येऊन, तिच्यासमोर म्हणा. तुमचा शब्द या घरात कोणी मोडणार नाही. फक्त एक गोष्ट तुम्ही मागे येऊन गेल्यानंतर बदललीय, ती कळवायची राहिली होती. आपल्याकडे आता गॅस आहे, आपा. चूल आम्ही काढून टाकली.