संत्र्याची साल आणि गूळ

आई, आज सकाळी अण्णा मळणीवर गेल्यावर मी तुझ्या स्वयंपाकघरात बिअरची बाटली उघडली. तुझी चूल होती तिथे आता ओटा आहे. तुला धक्का बसावा म्हणून सांगत नाही, माझं कामच ते आहे. परभणीला अन्नतंत्रज्ञान शिकले, ते पाहायला तू नव्हतीस. आता एका बिअरच्या कारखान्यात चव तपासते. नवा माल बाजारात जाण्याआधी माझ्या नाकाखालून जातो, आणि मी नको म्हटलं तर टाकी रिकामी करतात. घरी हे कुणाला माहीत नाही. अण्णांना वाटतं मी सरबताच्या कंपनीत आहे. एकदा त्यांनी विचारलं, "कशाचं सरबत?" मी म्हटलं, "सगळ्याचंच." त्यांनी पुढे विचारलं नाही.

बाटली अंबर एलची होती. मोड आणून भाजलेल्या जवाची ही तांबूस बिअर कंपनी खास शरद ऋतूसाठी आणते आहे. लेबलवर गळणारी लाल पानं आहेत. आपल्या वालूरमध्ये शरद म्हणजे मळणीयंत्राचा धुरळा आणि ऑक्टोबरचं ऊन, पण लेबल माझ्या अखत्यारीत येत नाही. रजेवर असले तरी सोमवारी अभिप्राय द्यायचा आहे, म्हणून नमुना बर्फाच्या डब्यात घालून आणला. चहा घेतला नव्हता, साध्या पाण्यानं चूळ भरली, पेला खिडकीच्या उजेडात धरला. रंग काकवीपेक्षा फिका, गुळाच्या पाण्यापेक्षा गडद, स्वच्छ. फेस बारीक आणि टिकणारा. मग पेला नाकाशी नेला. आधी करपत आलेल्या भाकरीचा पापुद्रा. त्यामागे गूळ. गुळाच्या पाठोपाठ संत्र्याची साल, जराशी तेलकट, आणि सगळ्यांच्या खाली अल्कोहोलची ऊब. मी पेला खाली ठेवला. हे वास कारखान्यात रोजचेच आहेत, वेगवेगळे. एकत्र मात्र ते मला एकाच ठिकाणी भेटले होते, याच उंबऱ्यावर.

मी आठ वर्षांची आहे. तू चुलीपुढे बसलेली, हात पिठात. अण्णांची सायकल अंगणात भिंतीला टेकते आणि तू मागं न बघता म्हणतेस, "जा गं, बघून ये." मी उंबऱ्याशी जाऊन उभी राहते. अण्णा वाकतात, मी त्यांच्या तोंडाचा वास घेते. कधी पेरूचा पाला चघळून आलेले असतात, कधी बडीशेप. पाल्याच्या आडूनही देशी संत्रा दारूचा वास लपत नाही. ते हळूच विचारतात, "काय साहेब, पास का नापास?" मी उत्तर देत नाही, कारण उत्तर तुझं असतं. आत येऊन सांगते. तू माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवतेस आणि बाहेर जाऊन भांडतेस. खडा तोंडात विरघळतो, तोवर अंगणात आवाज चढलेले असतात. एकदा मला अण्णांची दया आली आणि मी "न्हाई" म्हटलं. तू उठलीस, स्वतः वास घेऊन आलीस आणि म्हणालीस, "तुझ्या नाकावर माझा संसार हाय, ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. तेव्हा कळलं नाही, पुढे कळलं: वास तुलाही येतच होता. तुला फक्त त्यांच्या तितकं जवळ जायचं नव्हतं. त्यासाठी मी होते.

मग ताईला बघायला सोनपेठची मंडळी आली. मुलाची आत्या मोठी बोलकी बाई होती. पोह्यांची बशी मांडीवर घेऊन तिनं मला जवळ ओढलं. "हीच का ती धाकटी? गावात म्हणत्यात, लय तेज नाक हाय हिचं. सांग बरं पोरी, बाप आज कसा हाय?" सगळे हसले, अण्णाही हसले. तू दाराआड उभी होतीस. नुसते ओठ हलवून तू मला सांगितलंस, "कसलाच न्हाई म्हन." मी अण्णांकडे बघितलं. ते श्वास रोखून बसले होते. मी म्हटलं, "यायलाय. पण कालच्यापेक्षा कमी."

मंडळी गेल्यावर तू मला उलथन्यानं मारलंस. "कमी? तुला मापायला सांगितलं व्हतं का गं, भवाने?" ताईनं तुझा हात धरला म्हणून थांबलीस. पुढे तिचं दुसरीकडे झालं, ती बरी आहे, तिनं त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. तू मात्र शेवटच्या आजारपणातही भेटायला येणाऱ्या बायांना सांगत होतीस, "थोरलीचं पहिलं जमलेलं हिच्या तोंडानं मोडलं." वास कुणाच्या तोंडाला येत होता, ते कुणाला सांगितलं नाहीस. खरं सांगायचं हे तूच शिकवलंस. कुणाला सांगायचं नाही, ते मात्र मार खाऊन शिकायचं होतं. आणि तुझ्या माहितीसाठी, अण्णांनी दारू सोडली. तू गेल्यावर, कुणी वास घेत नव्हतं तेव्हा.

पेला पुन्हा उचलला. पहिल्या घोटाला गोडवा येतो, मध्ये भाजलेपणा, आणि कडूपणा उशिरा येऊन जिभेच्या मागे बराच वेळ बसून राहतो. लोण्यासारखा वास नाही, ओल्या पुठ्ठ्यासारखा नाही. दोष सापडेना. तेवढ्यात अंगणात चपला वाजल्या. मळणीयंत्राचा पट्टा तुटला म्हणून अण्णा मधूनच परतले होते. मी बाटली आणि पेला पिठाच्या डब्यामागे सरकवला. अण्णा उंबऱ्याशी आले आणि तिथेच थांबले. केसांत सोयाबीनचा भुसा होता.

"कशाचा वास यायलाय गं?"

माझं तोंड खिडकीकडे वळलेलं होतं. ते कधी वळलं ते मला कळलं नाही. तेव्हा अण्णा असंच तोंड वळवायचे, बोलता बोलता, जणू अंगणात कुणी हाक मारली आहे.

"कसलाच न्हाई, अण्णा."

त्यांनी केसांतला भुसा झटकला. ज्या माणसानं तो वास इतकी वर्षं पाल्याखाली लपवला, त्याला तो ओळखू येणार नाही असं मी तरी समजू शकत नाही. मग म्हणाले, "बरं. गूळ हाय बघ डब्यात. खडा टाक तोंडात." आणि हातपाय धुवायला गेले.

तू सांगितलेलं वाक्य मला शेवटी म्हणता आलं, आई. काही जड गेलं नाही. तुझ्या वेळेला ते जमलं असतं तर तू मला शहाणी म्हणाली असतीस, आणि याचाच मला जास्त राग येतो.

गूळ मी खाल्ला नाही. सोमवारी 'पास' लिहीन. हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक गोष्ट लिहून ठेवते. दोन-तीन घोट चाखायचे आणि उरलेलं ओतून द्यायचं, असा आमचा नियम आहे. मी आजवर ओतत आले. आज बंबावर पाण्याचा आवाज येत होता तोवर मी डब्यामागचा पेला काढला आणि संपवला. चांगली होती.