डावा खांदा

४ फेब्रुवारी

ती. अक्कांना सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण लग्नाला यायचंच, उचलून आणावं लागलं तरी. इथं माझी नुसती धांदल उडाली आहे. पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, मागच्या खोलीत पाहुण्यांच्या गाद्या, आणि मधल्या दारात मी. मुलाचं लग्न होईपर्यंत नवं काम घेणार नाही, असं गिऱ्हाइकांना सांगून टाकलंय. होणारी सून परवा माप देऊन गेली. चटपटीत आहे, तुम्हालासुद्धा पुरून उरेल. चिरंजीवांच्या कोटाचं कापड मात्र मनासारखं मिळालं. निळसर करडं, ताग्यातला शेवटचा तुकडा.

आता खरं सांगते. काल जेवताना तो म्हणाला, लग्नाला बाबांना बोलावलंय. शाळेत जाणारं पोर माझ्या पदरात टाकून तुमचे भाऊ कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून कामाला म्हणून गेले ते गेलेच, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी त्याला म्हटलं, ते येणार असतील तर माझी खुर्ची मांडू नकोस. ते तुमच्याच गावात आहेत. येऊ नका, असं तुम्ही त्यांना सांगा. इतकी वर्षं भावाची सोडून माझी बाजू घेतलीत, आता एवढं करा.

आणि पाकिटावर माझ्या नावाआधी सौ. लिहू नका. पोस्टमन वाचतो.

लोभ आहेच, तो या कारणानं कमी होऊ देऊ नका.

तुमची,
धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

मला उचलून आणायच्या गोष्टी करतेस, माझं वजन विसरलीस वाटतं.

पोराला बापाकडे मी पाठवलं नव्हतं. तो आपणहून पत्ता काढून बापाच्या स्टुडिओत गेला आणि मग माझ्याकडे आला. भावाला जे सुनवायचं ते मी केव्हाच सुनवलंय. तो खाली मान घालून ऐकतो. हल्ली एकटा राहतो, पासपोर्टचे फोटो काढतो, कोटाच्या कॉलरचे धागे निघालेत. मागं उभा राहून मुलाचा एक फोटो काढीन आणि जाईन, एवढंच म्हणाला. मी त्याची वकिली करत नाही. पण येऊ नकोस, हा निरोप माझ्या तोंडून जाणार नाही.

एक मात्र तुला कळायला हवं. आई की बाप असं निवडायची वेळ आली तर लग्नच पुढं ढकलतो, असं पोर माझ्यापाशी बोललं. मुलीकडचे किती थांबतील? तुझा राग मला समजतो, धाकटे. पण तो त्या दोघांच्या संसारावर निघतोय.

तब्येत सांभाळ. राग थोडा थोडा खात जा, म्हणजे पचेल.

तुझी,
अक्का

१३ फेब्रुवारी

ती. अक्कांना सा. न.

वि. वि. लिहायला आज सवड नाही. म्हणजे शेवटी मीच वाईट! पुढं ढकलतो म्हणे. ढकलू दे. घरात असून बोलत नाही, ताट उचलून आत जातो. आज दुपारी रागाच्या भरात कात्री घेतली आणि त्याच्या कोटाचं कापड कापून मोकळी झाले. टेपसुद्धा काढली नाही. पोटच्या पोराचं माप मला कशाला घ्यावं लागतंय? रविवारी ट्रायल आहे. उभा राहतो की नाही, बघतेच.

तुमची,
धाकटी

१८ फेब्रुवारी

ती. अक्कांना सा. न. वि. वि.

मागचं पत्र फाडून टाका.

रविवारी तो मुकाट्यानं आरशापुढं उभा राहिला. मी कच्चा कोट अंगावर चढवला, तर डाव्या खांद्याला आवळायला लागला, कॉलर मानेपासून सुटली. मी ओरडले, नीट उभा राहा. तो म्हणाला, नीटच उभा आहे. मी पुन्हा ओरडले. मग तोंडात टाचण्या धरून खांदा चाचपला आणि माझ्या लक्षात आलं. डावा खांदा मी बोटभर उतरता कापला होता. बॅगेच्या ओझ्यानं उतरलेला, तुमच्या भावाचा खांदा. त्यांचे सगळे कोट मीच शिवायची, तेव्हाही टेप लागत नव्हती. मला वाटलं होतं, मी सगळं विसरले.

त्यालाही कळलं. त्याच खांद्यावर बसून फिरलाय तो. त्यानं कोट काढला, हँगरला लावला आणि हळूच म्हणाला की तारीख बदलत नाही, बाबांना नको म्हणून मी कळवतो, तू तेवढी ये. म्हणजे मी जिंकले, अक्का. आणि जेवताना त्याच्याकडे बघितलं. पोर नवरदेवासारखं दिसतच नव्हतं, कुणाला तरी पोचवून आल्यासारखं दिसत होतं. माझ्या हातांचा इतका संताप मला कधी आला नव्हता.

कापलेला खांदा वर येत नाही आणि ते कापड आता मिळत नाही. काय करू ते कळवा. नको, कळवू नका. माझं मीच ठरवते.

लोभ ठेवा, आत्ता मला त्याची गरज आहे.

तुमची,
धाकटी

२३ फेब्रुवारी

ती. अक्कांना सा. न. वि. वि.

सोबत पार्सल आहे. तोच कोट, पुरा करून. पोरासाठी दुसरं कापड आणलं आणि टेप लावून कापलं. हा कोट इथं कुणालाच होत नाही, आणि चांगलं कापड कपाटात ठेवून त्याला कसर लावायची मला सवय नाही. तुमच्या भावाला द्या. धागे निघालेली कॉलर घेऊन ते लग्नात उभे राहिले तर लोक माझ्या शिलाईला नावं ठेवतील. वाळले असतील तर बाजूच्या शिवणी आत घ्या.

नको म्हणून कळवू नकोस, असं पोराला सांगितलं. तो मशीनवर डोकं टेकून बराच वेळ बसला. माफ केलं असं मात्र तुमच्या भावाला सांगू नका, केलेलं नाही. मी त्यांच्याशी बोलणारही नाही. खुर्च्या पुढच्या रांगेत आहेत, मधे तुम्ही बसायचं. आणि कॅमेरा घरी ठेवून यायला सांगा. फोटोवाला मी ठरवलाय. या खेपेला मुलाच्या फोटोत त्यांना असू दे.

गुडघ्याला जपून या.

तुमची,
धाकटी

ता. क. कोट घालून बघितला की डावा खांदा बसला का, तेवढं कळवा. बाकी काही मी विचारलेलं नाही.