तीनदा दिवा

९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. इकडे ठीक आहे, तिकडेही असेल असं धरून चालते. ह्यांचा रक्तदाब ताब्यात आहे, माझा गुडघा नाही. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही "बरं आहे ना सगळं, वहिनी?" एवढं विचारता आणि माझं उत्तर पुरं व्हायच्या आत ठेवून देता. पत्र तसं मध्येच ठेवता येत नाही. ठेवलं तरी ते समोर पडून राहतं.

आधी आभार. ते नीट मानल्याशिवाय मी पुढचं लिहिणार नाही.

कॉम्प्युटर तुम्ही पाठवलात. नाही म्हणू नका. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, नुसता दुकानाचा शिक्का होता. वन्संना विचारलं, तर "अगं, असेल कुणी हितचिंतक!" असं त्या इतक्या घाईने म्हणाल्या की मला वजनमापे खात्यातली माझी सगळी नोकरी आठवली. तराजूखाली चुंबक लावणारा दुकानदार अस्साच घाईने बोलायचा. त्यातून त्या वायरी. प्रत्येक वायर इंग्रजी आठच्या आकड्यात गुंडाळलेली आणि मधोमध कापडी पट्टीची गाठ. अशी गुंडाळी करणारी माणसं मी जन्मात दोनच पाहिली. त्यांतलं एक माझ्यासमोर खुर्चीत बसून त्या गाठीकडे बघत होतं.

तुमच्या भावाभावांच्या अबोल्यात मी कधी तोंड घातलं नाही, तेव्हाही घातलं नाही.

दुकानातला तो दिवस मात्र मला स्वच्छ आठवतो. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं गिऱ्हाईक आटत चाललं होतं. तुम्ही म्हणालात, "दादा, पुढच्या खोलीत कॉम्प्युटर लावू. पोरं खेळायला येतील, दुकान चालेल." हे म्हणाले, "ते खेळणं ज्या दिवशी आत येईल, त्या दिवशी मी घरी बसेन." तुम्ही तुमचा सोल्डरिंगचा डबा उचललात आणि पायऱ्या उतरलात. त्यानंतर दोघांनीही एकमेकांना हाक मारली नाही. आता हे घरी बसले आहेत आणि खेळणंही आत आलं आहे. बोलले ते सगळं खरं झालं, फक्त क्रम उलटा.

झटका आल्यापासूनची हकीकत वन्संनी तुम्हाला सांगितली असेलच. उजवा हात आणि उजवा पाय रुसले आहेत, पण ते थोडंथोडं ऐकू लागलेत. बोलणं मात्र पार गेलं. समजतं सगळं. वर्तमानपत्रातली चूकसुद्धा बोट ठेवून दाखवतात. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्याला येतात. "काका, म्हणा पाणी. पा-णी." बाकीचे दिवस वर्ग मी घेते. मी कडक आहे, तुम्हाला नव्याने सांगायला नको. पेला हातात धरून उभी राहायचे, "म्हणा, मगच देते." हे ओठ मिटून माझ्याकडे असे बघायचे की शेवटी मीच पेला पुढे करायचे.

एकदा त्या बाई निघताना मला दाराबाहेर घेऊन म्हणाल्या, "काकू, एक शब्द आला की मागोमाग बाकीचे येतात. पण पहिला फार लांबला, तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मीही करायला लावलं नाही. एरवी मी अर्धवट उत्तर कुणाचं चालवून घेत नाही.

अशा दिवसांत तुमचं खोकं आलं.

शेजारच्या निवृत्त वायरमननी सगळं जोडून दिलं. उघडून बघते तर आत एकच खेळ, इंटरनेटवर आपापल्या घरून अनेकांनी एकत्र खेळायचा. अवकाशयान घ्यायचं, या तळावरचा माल त्या तळावर न्यायचा, आणि वाटेत कुणी आडवं आलं तर लढायचं. यान दोघांचं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने तोफ सांभाळायची. चालवायला दांडी, आणि तोफेसाठी बटणांची छोटी पाटी, तीही डाव्या हाताला बसेल अशी. बटणं घसरू नयेत म्हणून तुम्ही त्यांवर खडबडीत कागदाचे गोल तुकडे चिकटवले होते. ते तुकडे बघून मी स्वयंपाकघरात गेले आणि जरा वेळ तिथेच थांबले.

ह्यांनी पाटीला हात लावला नाही. खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. मग मीच बसले. चांगली वस्तू नुसती पडून राहिलेली मला बघवत नाही.

भाऊजी, या वयात मला व्यापार फार आवडला. औषधं घेऊन निघावं, ती उतरवून खनिज भरावं, कुठे काय टंचाई आहे ते बघत हिंडावं. तळावर उतरणं तेवढं महाकठीण. तळ स्वतःभोवती गिरक्या घेतो, दार म्हणजे नुसती फट, आणि आपणही तेवढ्याच वेगाने फिरत आत शिरायचं. सुरुवातीला मी दार सोडून बाकी सगळ्या भिंतींना भेटून आले.

मग तो प्रसंग घडला. धान्य घेऊन चालले होते. एक लाल यान आडवं आलं आणि पडद्यावर अक्षरं उमटली, "थांबा. माल दाखवा." मी थांबले. इंजिन बंद केलं आणि मालखान्याचं दार उघडलं. जन्मभर मी दुसऱ्यांना हेच सांगत आले, की तपासणीला थांबावं, पळतो तोच लबाड. मी उलट टाइप केलं, "अवश्य तपासा. आधी आपले ओळखपत्र दाखवावे." त्यांनी शेवटच्या पोत्यापर्यंत सगळं उचललं आणि जाताना वर एक गोळा हाणला. ते चाचे होते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी पडद्याकडे बघून ओरडले, "अहो, पावती?"

मागून आवाज आला. मला वाटलं ह्यांना ठसका लागला. धावत गेले तर हे हसत होते. तोंड एका बाजूने वाकडं, डोळ्यांतून पाणी, आणि घशातून तो गडगडाट. तुम्ही दुकानात उलटी वायर जोडून स्वतःलाच शॉक देऊन घ्यायचात तेव्हा यायचा ना, तोच. आजारपणानंतर मी तो पहिल्यांदा ऐकला. मी म्हणाले, "हसताय काय? या इकडे. तोफ कोण बघणार, माझे वडील?"

आणि हे आले. काठी टेकत, टेबलाला धरत आले, खुर्चीत बसले आणि डावा हात पाटीवर ठेवला. तेव्हापासून आमची रोजची दुपार ठरून गेली. आधी हातापायाचे व्यायाम, मग "पाणी", मग उड्डाण. व्यायामात चुकारपणा झाला तर उड्डाण रद्द. त्यामुळे चुकारपणा होत नाही.

नेम काय आहे म्हणून सांगू! बारीक स्क्रू डोळे मिटून बसवणारा हात उजवा होता, पण सगळी विद्या उजव्यातच नव्हती.

थोड्याच दिवसांत आमच्या वाटेवर एक पिवळं यान दिसायला लागलं. नाव, काजवा. आम्ही निघालो की तो कुठून तरी यायचा आणि जरा अंतर ठेवून बरोबर चालायचा. लाल यानं त्याला बघून वाट बदलायची. एके दिवशी त्याने लिहिलं, "आजी, चाच्यांना दार उघडत जाऊ नका."

मी लिहिलं, "मी आजी आहे हे आपणांस कोणी सांगितले?"

"खेळात पूर्णविराम दुसरं कोण देतं?"

मग त्याने विचारलं, "तोफेवर कोण असतं?"

"माझे यजमान. आजारी होते. एका हाताने खेळतात."

काजवा नुसता शेजारून चालत राहिला. मग आलं, "नेम छान आहे त्यांचा."

भाऊजी, मी निरीक्षक होते. काजवा कोण ते मला तेव्हाच कळलं. पण समोरच्याला वेष आवडत असेल, तर तो ओढून काढू नये, एवढी समज मला आहे. मी ह्यांना पडद्यावरचं वाचून दाखवलं, "नेम छान आहे म्हणतोय." ह्यांनी मान वळवली. मला वाटलं, ह्यांना काही पत्ता नाही. नवऱ्याला आपण ओळखतो असं समजण्यात माणसाची हयात जाते.

आता धुळीच्या ढगाचा दिवस. तुम्हाला तो माझ्यापेक्षा चांगला आठवत असेल, पण तुम्ही पडद्याच्या त्या बाजूला होता. या बाजूला काय झालं ते ऐका.

आम्ही औषधं घेऊन निघालो होतो. ढगात शिरलो आणि रडार आंधळं झालं. मागे दोन लाल यानं. तळ पुढेच कुठे तरी होता, पण दिसायला नुसती करडी धूळ. तेवढ्यात लांबवर काजव्याचा पिवळा दिवा लुकलुकला. एकदा. मग परत एकदा. मग दोनदा. मला काही उमगेना. मी म्हणाले, "ह्याचा दिवा बिघडला की काय?"

ह्यांनी टेबलावर बोट आपटलं. एकदा, आणि डावीकडे दाखवलं. मी दांडी डावीकडे नेली. दिवा दोनदा लागला तशी ह्यांनी दोनदा टकटक केली, उजवीकडे. आणि मग मला आठवलं. गिऱ्हाइकाच्या गच्चीवर हे अँटेना फिरवत उभे, खाली रस्त्यावर, उघड्या दारातून टीव्ही बघत, तुम्ही टॉर्च घेऊन. रस्त्याच्या गोंगाटात हाका ऐकू यायच्या नाहीत, म्हणून तुम्ही दोघांनी ठरवलेलं होतं. एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे, आणि तीनदा म्हणजे चित्र आलं, आता खाली ये.

मी विसरले होते. हे विसरले नव्हते. भाऊजी, ह्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून, त्या वायरीच्या गाठीपासून.

ढग फाटला. समोर तळाची फट आणि तिच्या बाजूला तुमचा पिवळा दिवा. एकदा, दोनदा, तीनदा. आम्ही आत शिरलो आणि मी पहिल्यांदाच भिंतीला न घासता उतरले. मग घाईघाईने लिहिलं, "आभारी आहे, भाऊजी."

आणि तुम्ही नाहीसे झालात. तेव्हापासून काजवा आलेला नाही. आम्ही रोज बसतो. कोण कोण आलं आहे त्यांची नावं पडद्याच्या कोपऱ्यात येतात, तिथे हे बघत राहतात, आणि चाच्याने गोळा मारला तरी ह्यांचं लक्ष नसतं. तुम्हाला वाटलं असेल, दादाला कळलं की त्याला राग येईल आणि बटणांची पाटी भिंतीवर जाईल. म्हणून पळालात. तुमचा मुळी पायच पळता. पण मी टाइप करते एका बोटाने, शिवाय पूर्णविराम देते. माझं पुढचं वाक्य लिहून व्हायच्या आत तुम्ही गेला होता.

ते वाक्य सांगायलाच हे पत्र आहे. इतका वेळ मी आभारांतच घोटाळत राहिले, कारण लिहायला जरा जड जातंय. हेवाही वाटतोय, हे लपवत नाही. रोज पेला धरून मी उभी राहायचे, वर्ग माझा, शिस्त माझी.

तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा हे बोलले. घोगरं, पण स्वच्छ.

"बारक्या."

पाणी नाही, माझं नाव नाही. बारक्या. मी दांडी सोडून ह्यांच्याकडे वळले तर परत, "बारक्या", आणि बोट पडद्यावरच्या दिव्याकडे. पुढच्या वेळी त्या शिकवणाऱ्या बाई आल्या आणि हे त्यांनाही तेच म्हणाले. त्या बिचाऱ्या वही उघडून बसल्या, "काकू, बारक्या म्हणजे काय?" मी म्हटलं, "म्हणजे माझा दीर." त्या हसल्या, आणि मग माझ्याकडे बघून हसायच्या थांबल्या.

त्या म्हणाल्या होत्या तसं बाकीचे शब्द मागोमाग येताहेत. "पाणी" आलं. "नको" आलं, ते तर फारच वेळा. परवा माझं नाव आलं, अर्धं. अर्ध्यावर मी खूश आहे. आयुष्यात एवढंच एक कमी माप मी चालवून घेतलं.

हे सगळं तुमच्यामुळे. त्या खडबडीत बटणांमुळे, त्या पिवळ्या दिव्यामुळे. माझ्यासारख्या बाईला आभार मानायची फार सवय नाही, म्हणून थोडक्यात सांगते. माझ्या घरात परत आवाज आला आहे, तो तुम्ही आणून दिलात.

आता काजवा होऊन येऊ नका. स्वतः या. आमचं दार गिरक्या घेत नाही, सरळ चालत आत यायचं. ओळखपत्रही मागणार नाही.

हे पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. "हेवा" वाचताना हे पुन्हा तसेच हसले. मग डावा हात पुढे करून पेन मागितलं. सही करतील असं वाटलं होतं. खाली जे तीन ठिपके आहेत ते ह्यांनी काढले आहेत, एकेक दाबून. शेवटच्याने कागदाला भोक पडलं आहे, तेवढं समजून घ्या.

तुमचा दादा अजून टेबलाशीच बसला आहे, आणि मी आहे तुमची, मनापासून ऋणी,

वहिनी

●   ●   ●